काहिलीतला जावई

ज्याला पोहता येत नाही त्यानं पाण्याविषयी मत देऊ नये. एवढी साधी गोष्ट कळायला मला सासुरवाडीच्या तळ्यात गरगर फिरावं लागलं. सांगतो, पण हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. आमच्या एका दोस्ताचा पांढरा शर्ट हा किस्सा ऐकताना गेला आणि तो अजून मलाच बोल लावतो.

तर, माझं गुलबर्ग्याला स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान. जन्म शहरातला. सासुरवाडी मात्र मुडबीच्या बाजूला, पक्क्या शेतकऱ्यांची. गावाच्या मागं मोठं तळं आणि तळ्यापलीकडं मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं शेत. लग्नानंतरची पहिली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, त्यामुळे जावयाला आग्रहाचं बोलावणं होतं.

येळवशीला आमच्या भागात गावात कुत्रं दिसत नाही. सगळे शेतात. कडब्याचं खोपटं, आमची कोप, उभं करायचं, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव मांडायचे, त्यांना डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि ताकातल्या अंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच जेवायचं. नैवेद्याआधी पोरांच्या हातातसुद्धा बाजरीचा उंडा पडत नाही. आणि वाटेनं कुणीही जाऊ दे, ओळखीचा असो की नसो, त्याला हाक मारून जेवू घालायचं. हाक नाकारणाऱ्याचं नाव पुढच्या येळवशीपर्यंत निघतं.

त्या सकाळी बायका-पोरं ट्रॅक्टरनं पुढं गेली. घरात खूप माणसं असली की काय होतं? प्रत्येकाला वाटलं भज्जी दुसऱ्यानं चढवली. भज्जीचं पातेलं आणि अंबिलीची घागर, आमची बिंदगी, चुलीजवळच राहिली. मागं उरलो मी आणि माझा मेव्हणा शिवा.

"रस्त्यानं गेलं तर दुपार व्हतंय, दाजी," शिवा म्हणाला. "तळ्यातनं जाऊ. काहील हाय की."

काहील म्हणजे गूळ करायची ती लोखंडी, गोल, भली मोठी कढई. आमच्याकडे गुऱ्हाळ संपलं की तिची नाव होते. माणसं बसतात, शेळ्या बसतात, खताची पोती बसतात. पण या काहिलीला एक इतिहास होता. मामा आणि त्यांचे थोरले चुलतभाऊ किशनअप्पा यांचं गुऱ्हाळ सामायिक होतं. मामा त्यांना अण्णा म्हणत. ते मोडलं तेव्हा चरक विकला, बैल वाटून घेतले, पण काहील एकच. ती मामांच्या परड्यात राहिली आणि अप्पांनी बोलणं टाकलं. आमच्या लग्नाला आले नाहीत. येळवशीला एकाच शिवारात असून एकमेकांच्या कोपीवर जात नव्हते. बायकोनं मला बजावून ठेवलं होतं, मामांपुढं अप्पांचं नाव काढायचं नाही. मी अप्पांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

तळ्याच्या काठाला आलो. पातेलं आणि बिंदगी काहिलीत ठेवली. तेवढ्यात शिवानं कपाळाला हात लावला.

"नारळ इसरलो. आलोच मी. तंवर बसू नका हां, दाजी. हिची खोड येगळी हाय."

"अरे जा तू. मी बोटिंग केलंय."

खरंच केलंय हो. हैदराबादला. पायानं चालवायच्या बदकात. तेही बायको पाय मारत होती आणि मी फोटो काढत होतो.

समोरच्या काठाला मामांची कोप दिसत होती, बायकांची लुगडी दिसत होती. सगळे भज्जीची वाट बघत असणार. मला वाटलं, एकट्यानं नैवेद्य घेऊन पोचलो तर सासुरवाडीत केवढं नाव होईल. झालं. बसलो आणि आत पडलेल्या वल्ह्याच्या फळीनं काठाला रेटा दिला.

आता शिकलेली गोष्ट सांगतो, तुमच्या कामाला येईल. काहील गोल असते. तिला पुढं नाही आणि मागं नाही. फळी समोर धरून पाणी आपल्याकडं ओढायचं असतं. मी एका बाजूनं मारली. काहील फिरली. म्हणून दुसऱ्या बाजूनं मारली, तर ती उलटी फिरली. मामांची कोप समोर येई, मग बाभळी, मग गाव, मग परत मामांची कोप. देवाला प्रदक्षिणा घालतात तसं सगळं शिवार मला घालत होतं. उठून उभा राहिलो तर काहील एकीकडं कलली, अंबील हिंदकळली आणि खिशातला मोबाईल अंबिलीत पडला. दुसऱ्यांचे भिजलेले मोबाईल दुरुस्त करणारा मी. वर वारा सुटला आणि त्यानं मला मामांचं शेत सोडून भलतीकडंच न्यायला सुरुवात केली. पण मी धीर सोडला नाही. निदान पुढं मी सगळ्यांना तसंच सांगितलं.

बाभळींच्या पलीकडं काहील गाळात रुतली. पातेलं आणि बिंदगी घेऊन मी एका चपलेवर बाहेर पडलो. काहील बांधून ठेवायची असते, हे कुणाला माहीत? वर एक कोप होती आणि बांधावर माणसं उभीच होती.

"या पावणं, या. येळवशीचं वाटंनं जाऊ नये," पटकेवाले एक म्हातारे म्हणाले. "कुठलं गाव?"

"गुलबर्गा. मी दिगंबररावांचा जावई. तळ्यापलीकडचे."

त्यांच्या म्हातारीच्या हातातला डाव थांबला. म्हाताऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं.

"म्हंजे आमच्या दिगूचं."

आता माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. हेच किशनअप्पा. अख्ख्या तळ्याचा काठ सोडून वाऱ्याला हीच कोप सापडावी?

"दिगूनं पाठवलं तुमाला?" अप्पांनी विचारलं. "भज्जी दिऊन? काहिलीत बसवून?"

खरं सांगायला काय हरकत होती, सांगा. मला नाव चालवता येत नाही, वाऱ्यानं आणलं. एक वाक्य. पण जावयाच्या तोंडातून असलं वाक्य येत नाही.

"व्हय," मी म्हणालो. "मामाच म्हणाले, पहिली भज्जी अण्णाच्या कोपीवर जाऊ द्या."

म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. मग माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि मामांच्या घरची सगळी भज्जी आपल्या भांड्यात ओतली. अंबील तिच्या पांडवांपुढं गेली, माझ्या मोबाईलसकट. म्हणजे तिकडं सासुरवाडी उपाशी, इकडं मी त्यांचा नैवेद्य भलत्याच देवाला दाखवून मोकळा. मामांना काय सांगायचं याची जुळवाजुळव मी मनात करत होतो, तेवढ्यात अप्पांनी पटका नीट केला.

"चला, पावणं."

"कुठं?"

"दिगूच्या कोपीवर. त्यानं पहिली भज्जी पाठवायची अन् आमी हितंच बसून खायाचं व्हय?"

सगळं घर ट्रॅक्टरवर चढलं. खीर चढली, धपाटे चढले, भज्जी चढली. मला अप्पांच्या शेजारी मानानं बसवलं. आता काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. अप्पा म्हणणार, तू भज्जी पाठवलीस. मामा म्हणणार, मी कशाला पाठवू? मग जुनं भांडण ऐन येळवशीला नव्यानं पेटणार, भर शिवारात, आणि लावून देणारा कोण, तर नवा जावई. बायकोला माहेर तुटलं असतं. मला सासुरवाडीच काय, मुडबीच्या रस्त्यावरची टपरीसुद्धा बंद झाली असती. मी वाटभर देवाला ट्रॅक्टर पंक्चर कर म्हणत होतो.

तिकडं मामांच्या काठाला काय झालं होतं हे मला कुठं ठाऊक. मी उतरल्यावर हलकी झालेली काहील गाळातनं सुटली आणि फिरलेल्या वाऱ्यानं ती इमानदारीत त्यांच्यासमोर नेऊन लावली होती. आत माझी एक चप्पल.

आमचा ट्रॅक्टर पोचला तेव्हा रस्त्यानं पळत आलेला शिवा छातीभर पाण्यात उभा राहून बांबूनं तळ ढवळत होता. सुरेखा, माझी बायको, ओल्या मातीत बसली होती आणि मामी तिला धरून होत्या. मामा उघड्या डोक्यानं काठावर. त्यांनी आधी मला बघितलं. मग माझ्या शेजारच्या माणसाला बघितलं. आणि पळत आले.

मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं.

मामांनी दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपून बघितलं, मग वाकून अप्पांचे पाय धरले.

"अण्णा, माझ्या लेकीचं कुकू राखलास. तू नसतास तर पोरगं बुडलं असतं."

"आरं ऊठ," अप्पा म्हणाले. "तू भज्जी पाठवलास, मी येऊ न्हाई व्हय?"

"भज्जी?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. असला निरभ्र दिवस मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"व्हय," मामा अप्पांकडं वळून म्हणाले. "भज्जी. पाठवलो की."

माझ्या छातीवरची अख्खी काहील खाली उतरली. इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. सुरेखा आली, माझा दंड दाबून बघितला, जिवंत आहे याची खात्री केली आणि मग म्हणाली, "चप्पल कामून सोडलाव तिच्यात? जीव गेला की आमचा." आणि रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

दोन्ही घरची पंगत एकाच कोपीपुढं बसली. मामी आणि अप्पांची म्हातारी एकमेकींना वाढताना थांबेनात. दोघे भाऊ एका ताटावर बसले होते. मी भज्जीवर भज्जी हाणली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. काय डोकं चालवलं, काय वेळेला बोललो. पंचांना जमलं नाही ते मोबाईलवाल्यानं केलं. शिवाला तर मी सांगायलाही लागलो की माणसं जोडायला एक नजर लागते.

जेवणं झाल्यावर अप्पांनी सुपारी कातरत मला जवळ बोलावलं.

"पावणं, एक इचारू? तुमी काहिलीत गरगर फिरायला लागलाव, तवापासून आमी समदे बांधावर हुबं हुतो. दोर घिऊन पोरं निगालीच हुती, तंवर वाऱ्यानं तुमाला आमच्याच गाळात आणून टाकलं. 'मामा वाचवा, आई वाचवा' म्हून वरडलाव, ते निंबर्ग्यापतोर गेलं आसंल."

मी सुपारीला पुढं केलेला हात मागं घेतला. "मग तुम्ही मला विचारलं कशाला, मामांनी पाठवलं का म्हणून?"

"मला यायाचं हुतं, बाबा. म्हातारपण आलं. नुस्तं कसं यावं? तुमी व्हय म्हणलाव, बरं झालं."

मी मामांकडं बघितलं. ते विडीचा धूर सोडत शांतपणे म्हणाले, "मी बी वळखलोच. भज्जी चुलीपाशी इसरली हे मला ठावं हुतं. इसरलेली भज्जी मी कुटनं पाठवू? पर अण्णा बांधावर आलेला, मी न्हाई म्हणू व्हय, जावईबापू?"

म्हणजे माझं खोटं खपलं असं मानून चाललेला सगळ्या शिवारात एकटा मीच होतो.

असो, बोलणं सुरू झालं ते झालं. आता दोन्ही घरांचा नैवेद्य एकत्र असतो. काहील कुणाकडं राहणार यावर त्याच दिवशी दोघा भावांची बैठक झाली आणि चहा यायच्या आत मिटलंही. ती काठाला बाभळीशी साखळीनं बांधलेली असते, कुलूप घालून. एक किल्ली मामांकडं, एक अप्पांकडं. मी म्हटलं, गावात कधी शेळीसुद्धा चोरीला जात नाही, मग कुलूप कशाला? तर दोघे भाऊ इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच एका सुरात म्हणाले, "तुमच्यासाटी."