हॅल्वर स्टेनरूडची पेंढी

आमच्या स्प्रूस बेंडमध्ये हॅल्वर स्टेनरूडचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, "एकटाच पळतो आणि पहिला येतो." म्हणणाऱ्याला वाटतं, काय विनोद केला आपण. हॅल्वरही हसायचा. पीस नदीच्या उत्तरेला, जिथे ऑगस्टातच सकाळी गवत हिवाने पांढरं होतं, तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगाला असल्या बोलण्याने भोकं पडत नाहीत.

आणि ते खोटंही नव्हतं. आमच्या सुगीच्या जत्रेत ओट्सच्या पेंढीची स्पर्धा असते. गेली तीन वर्षं तिथे एकच पेंढी यायची, हॅल्वरची. पेंढी म्हणजे शेतातून उचलली आणि टेबलावर ठेवली असं नाही. ओट्स अर्धवट हिरवे असताना विळ्याने कापायचे, अंधाऱ्या छपरात उलटे टांगायचे, मग एकेक काडी हातात घेऊन पानं सोलायची, लोंबी तपासायची आणि सारख्या उंचीच्या काड्या तीन ठिकाणी बांधायच्या. बांधलेली पेंढी उभी राहिली पाहिजे, कुणाच्या आधाराशिवाय.

हॅल्वरला हे त्याच्या आईने शिकवलं. लग्न त्याने केलं नाही. चाळीस वर्षं गावच्या धान्य-कोठारावर काटा सांभाळला. माल तपासायचा, वजन करायचं, शेतकऱ्याची शिवी खायची. रिटायर झाल्यावर गावाच्या जुन्या लाकडी शाळेची किल्ली त्याच्याकडे आली. ती शाळा आता आमचं संग्रहालय आहे. तिच्या एका भिंतीवर १९३१ पासून दरवर्षी पहिल्या आलेल्या पेंढीतल्या मूठभर लोंब्या टांगल्या आहेत, खाली साल लिहून. युद्धाची वर्षंसुद्धा सुटलेली नाहीत. हिवाळ्यात हॅल्वर तिथे शेगडी पेटवून बसायचा आणि त्या भिंतीकडे बघत कॉफी प्यायचा. त्याला मूलबाळ नव्हतं; त्या लोंब्याच काय त्या होत्या, असं तो स्वतःच म्हणायचा.

जूनमध्ये जत्रेच्या स्पर्धांचं, नियमांचं पुस्तक आलं. पेंढीच्या ओळीखाली बारीक अक्षरांत छापलं होतं की तीन वर्षं एकच स्पर्धक आल्याने, यंदा दोन आले नाहीत तर ही स्पर्धा कायमची बंद.

हॅल्वर तडक जत्रेची चिटणीस कोरीन हिच्याकडे गेला. ती रोपांना पाणी घालत होती.

"मी स्पर्धेत दोन पेंढ्या टाकतो," तो म्हणाला.

"पेंढ्या नाही हो, माणसं दोन हवीत. आणि हा नियम तुमचाच. समितीत होतात तेव्हा विणलेल्या टोप्यांची स्पर्धा बंद पाडायला केला होतात."

"त्या टोप्या फार वाईट होत्या."

"माझ्या आईच्या होत्या," कोरीन म्हणाली. मग तिलाच कीव आली. "नेस्टर बोइचुकला विचारा ना. त्याच्यासारखी पेंढी कुणाला जमायची?"

हॅल्वर आला तसा परत निघाला. जिथे जायचं नाही त्याच घराचं नाव कोरीनने घेतलं होतं.

आमच्या जत्रेचा एक रिवाज आहे. सकाळी माल मांडायचा, बारा वाजता हॉलचं दार बंद होतं आणि परीक्षक आत जातात. बारापर्यंत सगळे एकमेकांची टेबलं बघत फिरतात, आणि कुणाच्या मालात खोट दिसली तर त्याला सांगायचं. गाजराला माती राहिली, बरणीचं झाकण सैल आहे, सांगायचं. वैरी असला तरी सांगायचं. हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही, पण न सांगणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही.

चोवीस वर्षांपूर्वी, साडेअकरा वाजता, हॅल्वरने नेस्टरच्या पेंढीत रानओट्सची, म्हणजे तणाची, एक काडी पाहिली होती. काळपट दाणा, वाकडी मिशी. कोठारावर जन्म काढलेल्या माणसाला ती दहा पावलांवरून दिसते. त्याआधी सलग तीन वर्षं नेस्टरने त्याला हरवलं होतं. हॅल्वरने मिठाची गुळणी धरली. परीक्षकाने पेंढी स्पर्धेतून बाद केली, आणि नेस्टर परत कधी स्पर्धेत उतरला नाही.

महिनाभर हॅल्वर ते मनात घोळवत राहिला. दुसऱ्या तीन घरी विचारून पाहिलं, एकाकडे ओट्स नव्हते, दुसऱ्याकडे वेळ, आणि तिसरा म्हणाला, "काका, दुकानात आयत्या मिळतात शोभेच्या." शेवटी जुलै संपता संपता, ओट्स रंग बदलायला लागले तेव्हा, तो बोइचुकांच्या दारात उभा राहिला.

नेस्टर आणि त्याची बायको स्टेफा जेवत होते. स्टेफाने न विचारता तिसरी थाळी मांडली आणि तिच्यात पेरोगी, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, वाढल्या, वर तळलेला कांदा. हॅल्वरने येण्याचं कारण सांगितलं.

"मला नाही जमायचं," नेस्टर म्हणाला. "तुझी स्पर्धा, तूच पुर. खा, गार होतंय."

"घोड्यांसाठी पेरलेत ना तू ओट्स? चांगले आलेत. रस्त्यावरून बघितले."

"घोडे खातील."

हॅल्वरने जेवणाचा काटा खाली ठेवला. आता नाही बोललो तर मरेपर्यंत नाही बोलणार, हे त्याला कळलं.

"नेस्टर, त्या वर्षी ती काडी मला दिसली होती. बाराच्या आधी. मी सांगितलं नाही."

नेस्टर लालबुंद झाला. पण तो हॅल्वरकडे बघत नव्हता, बायकोकडे बघत होता.

स्टेफा हळूच म्हणाली, "काड्या मी निवडल्या होत्या. घरी येताना गाडीत हा म्हणाला, तुझे डोळे गेलेत, पुन्हा हात लावू नकोस. मी नाही लावला. भरतकामही ठेवून दिलं. म्हटलं, दिसत नाही तर कशाला."

हॅल्वरला हे ठाऊक नव्हतं. आपण एका माणसाला बक्षिसाच्या एका फितीपुरतं फसवलं, एवढाच त्याचा हिशोब होता. त्याची मान खाली गेली.

नेस्टर उठून बाहेर गेला. दार आपटलं नाही, उघडंच टाकलं.

"मी टाकते पेंढी," स्टेफा म्हणाली. "त्याच ओट्सची. तू जा आता."

जत्रेच्या दिवशी सकाळी साडेअकराला स्टेफा हॉलमध्ये आली. काखेत पेंढी. चार पावलं मागे नेस्टर, टोपी हातात. तिने पेंढी हॅल्वरच्या पेंढीशेजारी उभी केली आणि म्हणाली, "बघ. रिवाज आहे ना? बघ."

हॅल्वरने चष्मा लावला. पेंढीभोवती फिरला, खाली वाकला, लोंब्यांमधून बोट फिरवलं. कोरीन चिठ्ठ्या लिहायची थांबली.

"काही खोट नाही," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"स्टेफाच्या पेंढीत खोट नाही." मग कुणी न विचारता त्याने पुढचंही बोलून टाकलं. "चोवीस वर्षांपूर्वी होती. मी पाहिली आणि गप्प बसलो."

जाम मांडणाऱ्या बायका, भोपळेवाले, सगळ्यांनी ऐकलं. काहींनी नजर वळवली, आणि ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

चारला दार उघडलं. स्टेफाच्या पेंढीवर लाल फीत होती, पहिली. हॅल्वरच्या पेंढीवर निळी, दुसरी. स्पर्धा वाचली होती, आणि त्याला वाटलं होतं तेवढा आनंद काही झाला नाही. तो गोठ्याच्या शेडजवळच्या बाकावर जाऊन बसला. थोड्या वेळाने नेस्टर येऊन शेजारी टेकला.

"मला माफ कर," हॅल्वर म्हणाला.

नेस्टरने टोपी गुडघ्यावर ठेवली. "तू नुसता गप्प बसलास," तो म्हणाला. "तिला बोललो मी होतो."

"मग हे मला कशाला सांगतोस?"

नेस्टर उठला. स्टेफा फळांच्या पाईच्या टेबलापाशी प्लेट घेऊन उभी होती. तो तिच्यासमोर गेला आणि जे काही म्हणाला ते हॅल्वरला ऐकू आलं नाही, पण लांबलचक नव्हतं. स्टेफाने त्याच्याकडे नीट बघितलं. तिचा आवाज मात्र बाकापर्यंत स्वच्छ आला.

"पुढच्या वर्षी तू तुझी वेगळी पेंढी टाक. माझ्या काड्यांना हात लावायचा नाही."