बर्फाच्या कारखान्यातली तासिका

माझं लग्न अडलं होतं ते पत्रिकेवरून नाही की मानपानावरून नाही. ते अडलं होतं हवामानावरून. मुलगा मिनियापोलिसला इंजिनिअर होता, तीन आठवड्यांच्या रजेवर सोलापूरला येऊन मला बघून गेला होता, आणि मला तो चांगलाच आवडला होता. सत्तरच्या दशकात आमच्या घरात हे असं सांगायची सोय नव्हती, म्हणून मी फक्त "माझी हरकत नाही" एवढंच म्हटलं. हरकत होती अण्णांची.

अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात भूगोल शिकवायचे. लोक स्थळाची चौकशी करतात, अण्णांनी गावाची केली. शाळेच्या वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणून त्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांची थंडीच्या क्रमाने यादीच काढली. शिकागो, डेट्रॉइट, बफेलो, मिलवॉकी, सगळी त्यात होती. सगळ्यांच्या वर मिनियापोलिस, आणि त्याच्याखाली लाल शाईची रेघ.

"गाव बघितलंय तेही पहिल्या नंबराचं," ते आईला म्हणाले. "शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश जातं तिथं. हिला संक्रांतीला आंघोळीला उठवायचं तर तीन हाका माराव्या लागतात."

हे खरं होतं. सोलापुरात थंडी म्हणजे काय, तर पायाशी ढकललेली चादर पहाटे दोन तास अंगावर ओढून घ्यायची. बाकी वर्षभर आम्ही उन्हाच्या नावाने खडे फोडायचो.

अण्णांनी मुलाला सरळ पत्र लिहिलं. स्थळ पसंत आहे, परंतु हवामानाचा विचार करता आपण दक्षिणेकडील एखाद्या शहरी बदलीसाठी अर्ज करावा, ही विनंती. सोबत यादी जोडली होती. मला हे कळलं तेव्हा शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिन्याभराने उत्तर आलं. इकडे बदलीची पद्धत नाही, असं मुलाने फार अदबीने कळवलं होतं.

"बदली होत नाही ती कसली नोकरी?" अण्णा म्हणाले आणि पत्र पंचांगात घालून ठेवलं.

पुढे कितीतरी दिवस त्या पत्राचं कुणी नावही काढलं नाही. मी मात्र धुमसत होते. एप्रिल लागला, उन्हाने डोकं आधीच तापलेलं, आणि एका रविवारी जेवताना माझा तोंडावरचा ताबा सुटला.

"मला थंडी सोसत नाही हे तुम्हाला कसं कळलं? कधी थंडीत बसवून बघितलंय का? बसवा की! घ्या परीक्षा!"

परीक्षेला नाही म्हणणं शिक्षकाच्या जिवावर येतं. अण्णांनी घास हातातच धरून थोडा विचार केला. त्यांचा एक जुना विद्यार्थी, मूळचा वैरागचा, स्टेशनाच्या बाजूला बर्फाचा कारखाना चालवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टांगा करून तिथं गेलो. मी शेजाऱ्यांकडून मागून आणलेला स्वेटर घातला होता, वर आईची शाल, मांडीवर चादर. टांगेवाला सबंध रस्ताभर मागे वळून माझ्याकडेच बघत होता.

"सर, तुमी मला भूगोलात दोनदा नापास केलं," कारखानदार हात जोडून म्हणाला, "त्याचं काय न्हाय. पण पोटच्या पोरीला बर्फात बसवायचं म्हंजे लई झालं की." तरी त्याने लाद्यांच्या खोलीचं दार उघडून दिलं.

एक तासिका बसायचं ठरलं. पस्तीस मिनिटं. आत गोणपाटाखाली बर्फाच्या लाद्या रचलेल्या होत्या आणि जमिनीवर ओला भुसा. मी एका पालथ्या खोक्यावर बसले. बाहेरच्या उन्हातून आलेली, त्यामुळे पहिली पाच मिनिटं तर नुसतं सुख. मग पायाची बोटं गेली, मग कान. पंधराएक मिनिटांनी दार उघडलं आणि अण्णा आत आले, अंगात नुसता सदरा. समोरच्या खोक्यावर बसले.

"तुम्ही बाहेर थांबा की. बाधेल तुम्हाला."

"परीक्षकानं वर्गातच असावं लागतं," ते म्हणाले. थोड्याच वेळात त्यांचे दात वाजायला लागले.

"थंडीचं काय गं," ते एकदम म्हणाले, "थंडी माणसं सोसतात. पण तू तिथं आजारी पडलीस तर मला पंधरा दिवसांनी कळणार. तोवर मी इथं तू बरी आहेस असंच धरून शाळेत जात राहणार."

मला रडू आलं, पण नाक गळतंय असं दाखवून मी ते शालीला पुसलं.

"दर आठवड्याला पत्र लिहीन."

"खरं लिहायचं."

"खरं लिहीन."

वेळ झाल्यावर कारखानदाराने दार उघडलं आणि "सुटली शाळा," म्हणाला. घरी आल्यावर अण्णांनी पंचांगातलं पत्र काढलं आणि उत्तर लिहायला बसले.

मिनियापोलिसला गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की तिथली थंडी घरात शिरत नाही. घर इतकं उबदार की भर जानेवारीत मी सुती साडी नेसून अनवाणी वावरायचे. हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं, आणि ते अगदी खरं होतं. बसची वाट बघताना पापण्यांवर बर्फ धरतो, नाकात श्वास गोठतो, हे मात्र लिहिलं नाही. आमचा संसार मजेत चालला होता, उगाच कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दोन वर्षांनी मे महिन्यात माहेरी आले. पन्ह्यासाठी बर्फ आणायला गेले तर कारखानदाराने ओळखलं.

"ताई, सर येतात की हितं. थंडीच्या दिवसांत दर रविवारी. धा मिनिटं आत बसत्यात अन् जात्यात. इचारलं तर म्हणत्यात, पोरीकडं जाऊन आलो."

मी बर्फ न घेताच घरी आले. पुढच्या रविवारी मीच म्हटलं, "अण्णा, चला, बर्फ घेऊन येऊ." ते जरा ओशाळले, पण आले. आम्ही त्याच खोक्यांवर समोरासमोर बसलो. ते चपलेने भुसा सारखा करत होते.

"खरं सांग," ते म्हणाले. "एवढीच असते ना थंडी?"

शून्याच्या खाली पंचवीस म्हणजे काय, हे ज्या माणसाने जन्मभर फळ्यावर लिहून शिकवलं, तो मला हे विचारत होता.

"एवढीच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, उठले, आणि दार उघडून मला आधी बाहेर जाऊ दिलं. त्या हिवाळ्यात आईचं पत्र आलं, की अण्णा हल्ली रविवारी कुठंच जात नाहीत, चांगले आठपर्यंत झोपतात.