दादांचं वजन

चालता चालता दादा रस्त्यातच थांबायचे. मागचा माणूस अंगावर आदळेल असे, एकदम. मग समोरच्या टॉवरकडे बोट करून म्हणायचे, "इथं आमच्या चुलत्याचा शेत व्हता. वाल काय गोड यायचा." सासऱ्यांना जुन्या आठवणींचा फार नाद, असं मला आधी वाटायचं. पण त्यांना दम लागलेला असायचा आणि तो लपवायला ते शेत काढायचे. पुढे विचुंब्याच्या त्या रस्त्यावर मी रोज सकाळी त्यांच्याबरोबर चालू लागले, तेव्हा मी शेताकडे लक्षच देत नसे. वाक्य कुठे तुटतंय, तेवढं ऐकत असे.

मानेतल्या गाठींच्या कॅन्सरमधून ते बरे झाले होते. आम्ही गावभर पेढे वाटले. काही वर्षांनी मात्र पावलं सुजू लागली, उताणं झोपलं की जीव घुसमटू लागला. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, ज्या औषधानं कॅन्सर गेला त्यानंच बहुधा हृदय दुबळं केलंय. मीठ कमी, पाणी मोजून, रोज सकाळी वजन आणि रोज चालणं. दादांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चालायचा म्हंजे कवरा?" तिथल्या फिजिओ मॅडम म्हणाल्या, "बोलता येईल इतकं. वाक्य तुटलं की थांबायचं."

सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. "कॅन्सरातून वाचवला तो काय रस्त्यावर मराया?" असं त्या माझ्या नवऱ्याला, प्रशांतला, रोज विचारायच्या. हृदयाच्या माणसानं पडून राहायचं, हे त्यांचं ठाम मत. दादा तोवर चपला घालायचे.

दादांचं आजोळ उरणकडचं, मिठागरांवरचं. लहानपणी तळपायाला मिठाच्या भेगा पडायच्या असं ते सांगत. आता त्यांच्या ताटात मी कोकम, लसूण, हिरवी मिरची घालून चव आणायची धडपड करत होते. पापड, लोणचं, सुकट बंद. ते एक घास घ्यायचे, थोडा वेळ चावायचे आणि म्हणायचे, "बरा हाय." त्या माणसानं आयुष्यात जेवणात कधी काही मागितलं नाही. पाणी लागलं तरी स्वतः उठायचे.

घरातला सगळ्यात वाईट क्षण म्हणजे सकाळचा वजनकाटा. औषधांनी अंगातलं पाणी उतरलं, तसे दादा बारीक दिसू लागले. गालफडं वर आली. केमोच्या दिवसांत ते असेच दिसायचे. सासूबाई दारात उभ्या राहून काट्याकडे बघायच्या. आकडा खाली गेला की त्यांचा चेहरा उतरायचा. आकडा वर गेला की त्या देवाला हात जोडायच्या आणि मी दादांच्या पावलांवर सूज शोधायचे. एकाच आकड्याला आम्ही दोघी उलट्या बाजूंनी घाबरत होतो. मधे दादा उभे, बनियनवर, गुन्हेगारासारखे.

एकदा आकडा रोज थोडा थोडा वर जायला लागला. मी डाळीतलं उरलंसुरलं मीठही काढलं, तरी वर. डॉक्टरांना फोन करू म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "जरा अंग भरतंय त्याचा, ते बी तुला बघवत नाय?" मी गप्प राहिले नाही, त्याही राहिल्या नाहीत. दादा मधेच म्हणाले, "चल गो, चालून येव."

त्या सकाळी ते वळणावर थांबले. मी वाट बघितली. ते काहीच बोलले नाहीत. ओठ निळसर झाले होते. रस्त्याकडेच्या कठड्यावर त्यांना टेकवलं, प्रशांतला फोन लावला. गाडी येईपर्यंत त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

हॉस्पिटलच्या बाकावर सासूबाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दुपारी तू शाळेत शिकवाया गेलीस की मी त्याला सुकटीची चटनी द्यायची. पापर बी. त्याला नको व्हता. मीच बोलले, खा, नायतर तो रोग परत येल." मला राग आला होता, पण त्यांचे हात बघून तो कुठे ठेवावा ते कळेना.

आम्ही आत गेलो तेव्हा डॉक्टर दादांना काय खाल्लं ते विचारत होते. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून दादा म्हणाले, "मीच मागितली. ही नाय नाय बोलत व्हती." सासूबाईंनी तोंड उघडलं, तेव्हा दादांनी नुसता हात वर केला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर पहिल्यांदाच त्यांनी एक गोष्ट मागितली. "मॅडमकरं जाताना हिला पन न्यायचा." मॅडमनी सासूबाईंना दादांच्या पायावर बोट दाबायला लावलं. सुजेत खड्डा पडून तसाच राहिला. "आजी, वाढलं ते मांस नव्हतं, हे पाणी होतं." सासूबाईंनी बोट काढलं, पुन्हा ठेवलं. "मग बारीक झाला तवा?" "तेव्हा ते बरे होते." त्या तिथेच, खुर्च्यांच्या रांगेत सगळ्यांदेखत, रडल्या.

मग दोघं एकत्र चालू लागली. मी मागे. नंतरच्या हिवाळ्यात प्रशांतनं त्यांना उरणला, मोऱ्याच्या धक्क्यावर नेलं. दादा थांबत थांबत अगदी टोकापर्यंत गेले, लाँच सुटताना बघत उभे राहिले. सासूबाईंनी त्यांचा दंड धरला होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. त्यानंतर ते वर्षभर आमच्यात होते. एका दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत.

तेरावं झाल्यावर मॅडमचा फोन आला. एक नवे पेशंट आहेत, बायको फार घाबरलीय, आजी येतील का? मला वाटलं नाही म्हणतील. पण त्या साडी बदलून माझ्याबरोबर निघाल्या. तिथे त्या बाईशेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला. मला वाटलं, धीर देतील. दादांनी शेवटपर्यंत जे स्वतःवर घेतलं, ते सासूबाईंनी त्या परक्या बाईला पहिल्याच वाक्यात सांगितलं.

"माझ्या नवऱ्याला सुकट मी चारली, बाय. तो मागत नव्हता."