भोंग्यातली हौसा

माझी बायको हौसा वारली, पण त्यानंतरही ती मला रोज शिव्या घालत होती.

भुताटकी नव्हती. भूत परवडलं असतं, ते निदान अमावस्येलाच येतं! हे गोठ्यातलं मशीन होतं. आमचा मळा नारायणगावच्या खालच्या अंगाला. चहूबाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. (बिबट्या आमच्याकडं पाव्हण्यासारखा येतो. फरक एवढाच, की त्याला चहा लागत नाही.)

तर आमचा एकुलता एक पोरगा, दिलीप, जर्मनीत कॉम्प्युटरच्या नोकरीला. मागं सुट्टीला आला तेव्हा त्यानं गोठ्यात एक इवलासा कॉम्प्युटर बसवला. पडदा नाही, बटणं नाहीत, काड्यापेटीपेक्षा जरा मोठी हिरवी पाटी नुसती. छपराच्या कडेला लावलेल्या कॅमेऱ्यात जनावर दिसलं, की छपरावरच्या भोंग्यातनं आवाज निघायचा. आधी त्यात कुत्र्यांचं भुंकणं भरलं. बिबट्या कुत्री खातो! त्याला वाटलं, पान वाढलंय. मग फटाके भरले. फटाक्यांना तो दिवाळीतच सरावला होता.

एका संध्याकाळी नवे आवाज भरता भरता दिलीपचा माइक चालूच राहिला आणि मी शेणाच्या हातानं जेवायला बसलो. हौसा कडाडली, "अहो! ताटाला हात लावू नका म्हंते ना! हात धुवा आदी!" पोरानं गंमत म्हणून तेच भोंग्यावर लावलं. त्या दिवसापासनं बिबट्या आमच्या बांधावर फिरकला नाही. (मला मात्र त्याच घरात राहायचं होतं.)

मग हौसा गेली. साध्या तापानं गेली. बिबट्याला हाकलणाऱ्या बाईला ताप हाकलता आला नाही. तिचा फोटो एकच, लग्नातला, आणि त्यात तोंडभर मुंडावळ्या. बाकी तो आवाज तेवढा उरला. गोठ्यात मांजर शिरलं तरी भोंगा ओरडायचा, आणि मी जेवता जेवता उठून हात धुवायचो. दुसऱ्यांदा.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि मशीन बिघडलं. कोंबडीत बिबट्या, चिमणीत बिबट्या, वाऱ्यानं हललेल्या गोणपाटात बिबट्या! हौसा दिवसभर बोलायला लागली. जिवंतपणी एवढी बोलत नव्हती. दिलीपला फोन लावला.

"आबा, त्याची सिस्टीम बिघडली. नवी टाकाय लागंल."

"म्हंजी?"

"म्हंजी डोकं तेच, अक्कल नवी. मी हितनं टाकतो. तुमी फकस्त तुमच्या फोनचं नेट त्याला चालू ठिवा."

"आन तुझी आय?"

"ती जुन्या मेमरी कार्डात हाय. ते मरायला टेकलंय. आदी नव्या कार्डावर सिस्टीम बसवतो, मग आईला त्यात घेतो. तवर लाईट जाऊ देऊ नका. एकदा बंद पडलं तर ते कार्ड परत उठायचं न्हाई."

"दुसरीकडं कुठं न्हाई आवाज?"

"न्हाई, आबा."

त्यानं पाठवलेलं नवं कार्ड मी मशीनच्या दुसऱ्या भोकात खुपसलं. वर हळदीकुंकू वाहिलं.

रजा मिळाली नाही म्हणून दिलीप श्राद्धाला येऊ शकला नाही. त्याच दिवशी सकाळी तो तिकडनं कामाला बसला. पण आमच्याकडं रेंज अशी, की माझ्या फोनवर कुणी बोललं की नेट जातं. आणि हौसाचा भाऊ किसन मंचरहून निघालेला!

"दाजी, नारायणगावात उतरलोय. जीप मिळंना!"

नेट गेलं. सिस्टीम पहिल्यापासनं.

"दाजी, जीप मिळाली!"

नेट गेलं. सिस्टीम पहिल्यापासनं.

"दाजी, शिटा भरल्याबिगर गडी जीप हालवंना!"

"तू चालत ये, पण फोन करू नको!" मी ओरडलो.

दुपारी सगळे जमले. पुतण्यानं पिंड ठेवले, गुरुजींनी मंत्र म्हटले, आणि घासाचं पान रीतीप्रमाणं गोठ्याच्या छपरावर ठेवलं. आता कावळा शिवला की जेवायचं. कावळा आला. शहाणा होता, लगेच आला. पानाजवळ उतरला, चोच वाकवली, आणि डोक्यावरनं भोंगा गरजला, "अहो! ताटाला हात लावू नका म्हंते ना!"

कावळा थेट उसापलीकडं गेला. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"वैनींची कायतरी इच्छा ऱ्हायलीया," मागून कुणीतरी कुजबुजलं.

मग ज्याला जे सुचलं ते तो तिला कबूल करायला लागला. किसन पुढं झाला, छपराकडं बघून हात जोडले. "अक्का, दाजींची काळजी करू नको. त्येंच्या जेवणाखाण्याचं मी बघतो."

कावळा परत उतरला. भोंगा म्हणाला, "हात धुवा आदी!"

किसननं स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले.

मग तो शिडी लावून छपरावर चढला. भोंगा त्याच्यावरही ओरडला, तरी त्यानं अंगावरचं उपरणं भोंग्यात कोंबलं. ते फारच वाईट झालं. आता हौसाचा आवाज जमिनीखालनं आल्यासारखा यायला लागला. दोघी म्हाताऱ्या मोठ्यानं रडायला लागल्या. गुरुजींना अचानक दुसरं श्राद्ध आठवलं. किसननं उपरणं ओढून काढलं आणि घाम पुसत खाली आला.

"दाजी, तार उपटा."

"तार उपटली तर तुझी अक्का जाईल."

"अक्का गेलीया, दाजी!"

मी गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिलो.

तेवढ्यात किसनचा फोन वाजला. दिलीप होता. "मामा, आबांना सांगा, सिस्टीम बसली! आता आईला घेतोय. कार्ड लई सावकाश वाचतंय, पण वाचतंय!"

मी फोन हिसकावला. "आरं, तुझी आय कावळ्याला जेवू देईना!"

"मग भोंग्याची तार तेवढी काढा, आबा. लाईटची नका काढू. फकस्त भोंग्याची!"

सोपं होतं. लहान पोरालाही जमलं असतं. पण शेतकऱ्याला मोकळी तार बघवत नाही. उंदरानं कुरतडू नये म्हणून मी त्या दोन्ही तारा एकत्र धरून, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळून, सुतळीनं आवळल्या होत्या. बैलाच्या गळ्याला मारतो तशी पक्की गाठ! गाठ सुटेना. दातानं ओढली, सुटेना. छपरावर कावळा, मागं उपाशी पाव्हणे, कानाला दिलीप, "आबा, हळू! थोडंच ऱ्हायलंय!" मी भोंग्याची तार चिमटीत पकडली आणि हिसका दिला.

दोन्ही आल्या.

मशीनवरचा बारका लाल दिवा विझला. लगेच कावळा उतरला आणि पानावर तुटून पडला. भात खाल्ला, वडा खाल्ला, खिरीत चोच बुडवली. सगळ्यांनी हात जोडले. "तृप्त झाली हो वैनी!" आणि मंडळी जेवायला धावली. मी तारा हातात घेऊन गोठ्यात उभा.

फोन अजून चालू होता. "आबा? मशीन दिसंना."

"तार निघाली रं."

मग म्हणाला, "तुमी जेवा आबा."

दुसऱ्या दिवशी तारा परत जोडल्या. जुनं कार्ड उठलं नाही. नव्या कार्डावर मशीन झटक्यात चालू झालं. दिलीप तिकडनं बघून म्हणाला, "सिस्टीम एकदम ठणठणीत हाय, आबा." ठणठणीत सिस्टीम, फक्त माणूस नाही! घराचीही तीच गत होती.

आठवडाभरानं त्याचा फोन आला. सगळं उचकून बघितलं होतं त्यानं. आईचा आवाज कापून घेताना शेवटचा नको असलेला तुकडा त्याच्या जुन्या फोनमध्ये राहून गेला होता. नको असलेला, कारण त्यात मी बोललो होतो. रिकाम्या भोंग्यापेक्षा बरा, म्हणून त्यानं तोच भरला. आता जनावर दिसलं की भोंगा माझ्या आवाजात म्हणतो, "धुतो गं, धुतो! वरडू नको!"

परवा दिवस मावळता बिबट्या आलाच. मी खिडकी लावून आत. भोंगा माझ्या आवाजात बोंबलला. बिबट्यानं मान वर करून भोंग्याकडं बघितलं, जांभई दिली आणि त्याच्याच खाली ऐसपैस बसला.

मी दिलीपला फोन लावला.

"आवाज आला का, आबा?"

"आला की."

"बिबट्या पळाला?"

"न्हाई. बसलाय. तुझ्या आयसारखाच हाय. माझं एक अक्षर ऐकत न्हाई."