चिऊ पडून राहिली

आता कसं सांगू, म्हणजे निदान हा चहा संपेपर्यंत तरी तुम्ही मला शहाणी समजाल? नाही जमायचं. सांगूनच टाकते. एका क्रियापदापायी मी एक डॉक्टर, एक बैठक आणि ऑफिसची गाडी, तिघांनाही कामाला लावलं होतं.

मी सांगलीची. सासूबाई मूळच्या वर्ध्याच्या, पण सासऱ्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे सारा संसार रायपुरात झालेला. घर पुरानी बस्तीत. बाळंतपण माहेरी उरकून मी चिऊला घेऊन इथे आले, आणि ती भिंत धरून उभी राहायला लागली त्याच सुमारास मला नवा रायपुरात नोकरी लागली.

नवरा मोबाइल कंपनीत. त्याचं काम त्याने एकदा जेवताना आईंना समजावून सांगितलं होतं.

"हे पाह्य आई, मोठा टॉवर असते, त्याचा हात लांब पोचते. अन् दिव्याच्या खांबावर छोटे छोटे डबे, ते जवळच्यापुरते. माणूस पायी चालून राहिला तर त्याचा फोन छोट्यानं धरावा. गाडीत असन तर मोठ्यानंच धरून ठेवावा. नाही तर छोटा धरते न धरते, तोवर गाडी पुढं. कॉल कट."

"म्हणजे दुसऱ्यानं धरल्याशिवाय पहिल्यानं सोडू नाही," आई म्हणाल्या. "लहान पोट्टी एकमेकांजवळ देतो न आपण, तसं."

"हव. त्याले हँडओव्हर म्हणते."

"अन् तुही बायको करते ते? देते, लगेच परत घेते, पुन्हा देते?"

"त्याले पिंगपाँग म्हणते. लय वाईट असते नेटवर्कसाठी."

दोघं मायलेक मनसोक्त हसले. मी चिऊला परत घेतलं.

तर नोकरीचा पहिलाच आठवडा. मी आणि ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठ रीता दीदी ऑफिसच्या गाडीतून दुसऱ्या इमारतीत बैठकीला निघालो होतो. नवा रायपूरचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत, रुंद आणि रिकामे. संतोष भैयांनी गाडी सोडली सुसाट. मी घरी फोन लावला. सकाळपासूनचा कितवा, ते विचारू नका.

"आई, चिऊ काय करतेय?"

"अवं, पोट्टी पडून राहिली..."

कट.

आता तुम्हीच सांगा, सांगलीत ‘पडून राहिली’ म्हणजे काय? पडली, आणि तशीच राहिली. उठलीच नाही. पुन्हा लावला.

"...किती आवाज देल्ला, ऐकूनच नाही राहिली..."

कट. तिसऱ्यांदा लावला.

"...रडून बी नाही राहिली. सगळा पारा घरात जमा झाला..."

कट.

पारा. सकाळी ताप नसताना मी तिचा ताप मोजला होता. माझ्या आईने दिलेला काचेचा थर्मामीटर. तो मी खाटेवरच ठेवून आले होते. म्हणजे चिऊने तो फोडला, पारा घरभर झाला, आणि मुलगी निपचित पडून राहिली. किती व्यवस्थित जुळलं बघा. घाबरलेल्या आईइतका हुशार गुप्तहेर नाही; फक्त तो दर वेळी चुकीच्या घरात शिरतो.

"बच्ची गिर गई है," मी दीदींना कसंबसं सांगितलं. "होश में नहीं है. घर में पारा फैला है."

बैठकीत त्या दिवशी बोलायचं होतं दीदींना. त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही. "भैया, गाड़ी घुमाओ," एवढंच म्हणाल्या, आणि माझा हात धरून बसल्या.

मी नवऱ्याला फोन लावला. तो नेमका त्या दिवशी तिथल्याच रस्त्यांवर, कॉल कुठे तुटतात ते तपासत फिरत होता.

"निखिल, चिऊ पडलीय, आणि फोन सारखा कटतोय."

"कुठं कटला? कोणत्या खांबापाशी?"

"तुझी मुलगी बेशुद्ध आहे आणि तू खांब विचारतोस?"

"काय? थांब, मी आईला..."

कट.

मग आमच्या गल्लीजवळचे डॉक्टर. "पारा निगला है क्या?" त्यांनी विचारलं. "पता नहीं डॉक्टर साहब, पर सारा का सारा घर में जमा है." ते म्हणाले, "मैं पहुँचता हूँ."

गल्लीत उतरले तर आमच्या दाराशी चपलांचा ढीग. दाराशी इतक्या चपला कधी असतात, ते सांगायला नको. मी धावले, त्या ढिगातल्याच एका चपलेत पाय अडकला, आणि उंबरा ओलांडून थेट बैठकीच्या खोलीत आडवी झाले.

मान वर केली. भिंतीला लागून बायाच बाया बसलेल्या. डॉक्टरांच्या हातात चहा. आणि मधोमध, आजीचं बोट धरून, चिऊ उभी.

"आली का? बरं झालं," आई म्हणाल्या. "फोनवर सांगून तर राहिली होती मी. पोट्टी पडून राहिली, उठून राहिली, पुन्हा चालून राहिली. बस म्हटलं तर ऐकूनच नाही राहिली. पडली तरी रडून बी नाही राहिली. सगळा पारा पाह्याले आला."

"पारा?" मी जमिनीवरूनच विचारलं.

"हव बहू," शेजारच्या काकी म्हणाल्या, "जम्मो पारा आए हे."

वर्ध्याकडे ‘पडून राहिली’ म्हणजे नुसतं ‘पडतेय’. आणि पारा म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला. तो खरोखरच सगळाच्या सगळा घरात जमा झाला होता.

"थर्मामीटर सलामत है," डॉक्टर म्हणाले. आल्याबरोबर बिचाऱ्यांनी खाटेखाली वाकून पारा शोधला होता.

मी उठायला लागले, तर आई म्हणाल्या, "उठू नको. तशीच बस. हात पुढं कर."

आणि त्यांनी बोट सोडलं. दुसऱ्याने धरल्याशिवाय सोडायचं नाही, हे कोण म्हणालं होतं? पण मधल्या त्या एवढ्याशा जागेत चिऊला कुणीच धरलेलं नव्हतं, आणि ती आली. डुलत, हसत, माझ्या हातांत.

त्या तुटक्या कॉलांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. एक जरी वाक्य पुरतं ऐकू आलं असतं, तर मी हसून बैठकीला गेले असते, आणि माझ्या लेकीची पहिल्या दिवसाची पावलं माझ्याशिवाय सगळ्या पाऱ्याने पाहिली असती. दारात दीदी डोळे पुसत होत्या, मागे संतोष भैया माझी गाडीत राहिलेली पर्स घेऊन उभे. दोघांपैकी कुणीही मला कधी बैठकीची आठवण करून दिलेली नाही.

चिऊला परत आजीकडे जायचं होतं. मी सोडलं तिला. पुन्हा ओढून घेतलं नाही.

एवढ्यात आईंचा फोन वाजला. निखिल. "आई, काय झालं? कोण पडलं? सांग ना लवकर."

आईंनी चिऊकडे पाहिलं. मग, अजून उंबऱ्याशी पाय पसरून बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही रे. पोट्टी चालून राहिली. तुही बायको पडून राहिली."

वर्ध्याच्या मराठीत घ्या की सांगलीच्या, दोन्हीकडून खरं. आणि निखिल तेव्हा तपासणीच्या गाडीत, शेजारी त्याचे साहेब, फोन स्पीकरवर. भरधाव गाडी, वाटेत इतके टॉवर, इतके डबे. पण त्या दिवसातला तेवढा एकच कॉल अक्षरन् अक्षर पोचला.