जेलात आलेलं निरोधचं खोकं

जेलच्या दवाखान्यात बावीस वर्षं गोळ्या वाटल्या, किस्से साचणारच! मित्रांच्या बैठकीत मी हसवणारे तेवढे सांगतो. हे मात्र घशात अडकून राहिलेत.

केबल नुकतीच आली होती. निरोधची जाहिरात लागली की माझी बायको टीव्हीचा आवाज बारीक करायची. त्याच दिवसांत एड्सपासून बचावासाठी म्हणून आरोग्य खात्यानं जेलात निरोधचं अख्खं खोकंच पाठवलं. आमचे साहेब खुर्चीतून उठलेच. "कंपाउंडर, हे वाटलं म्हणजे माझ्या जेलात तसलं चालतं, असं मीच सही करून कबूल केलं!" खोकं माझ्या कपाटात बंद झालं.

*

मग एक डॉक्टर भाषणाला आले. तासभर एड्स समजावला. "कुणाला काही विचारायचंय?" सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसलेले. शेवटी केजकडचा एक म्हातारा कैदी उठला. "साहेब, लई चांगलं सांगितलं. पर हितं तिघात एक घोंगडी हाय. तेवढ्या दोन वाढवून द्या की!"

अख्खी बराक हसली. डॉक्टरही हसले. घोंगड्या काही वाढल्या नाहीत.

*

मला राहवेना. दहा पाकिटं काढून मी मलमाच्या डब्याशेजारी ठेवली आणि मुद्दाम पाठ करून उभा राहायला लागलो. आठवडाभर एकही हललं नाही. मग एक दिवस मोजली तर एक कमी! मी खूश.

दोनच दिवसांत झडती झाली. पाकीट निघालं बंडूच्या उशाखाली. बंडू म्हणजे उमापूरकडचा मेंढपाळ, पस्तिशीचा, मारामारीच्या केसमध्ये तारखांवर तारखा पडून चार-पाच वर्षं आत राहिलेला. हवालदार ओरडला, "कुठनं आणलं बे हे?" बंडूनं माझं नाव घेतलं नाही. चार दिवस त्याला एकट्याला कोंडलं. मीही तोंड उघडलं नाही. आजही लाज वाटते.

*

वर्षभरात बंडू वाळत गेला. रक्ताचा रिपोर्ट आला. साहेब म्हणाले, "बाहेरूनच घेऊन आलेला दिसतोय. तसंच लिहा."

आत आला तेव्हा गडी खणखणीत होता, मीच तपासला होता. तरी लिहिलं.

*

अखेर जामीन झाला. बायको गेवराईहून एसटीनं न्यायला आली होती, गेटबाहेर उभी. मी आतच बंडूच्या हातात पाकिटं कोंबली. "तिला जप रे. आणि सगळं सांग तिला."

त्यानं एक पाकीट उलटंपालटं करून बघितलं. "म्या हात जोडून म्हणलं होतं त्याला, हे तरी घाल. त्यो म्हणला, मला रोगी समजतो का बे? अन् हवालदाराला त्यानंच सांगितलं."

"कोण तो?"

बंडू पाकिटं कमरेला खोवून बाहेर पडला, मी मागोमाग गेटपर्यंत आलो. त्याचे पाय लटपटत होते, म्हणून बायको दंड धरायला पुढं झाली, तसा तो चटकन बाजूला सरकला. चार हात लांबून चालायला लागला.

बायको तोंडाला पदर लावून हसली. मला म्हणाली, "दादा, लगीन झालं तवाबी एवढं लाजत नव्हते वो हे!"