मामांचा न संपणारा सिलिंडर

देशाचं ऊर्जा धोरण दिल्लीत ठरतं असं ज्यांना वाटतं, ते माझ्या बायकोच्या मामांना भेटलेले नाहीत. हे धोरण मुलुंडला, एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, सकाळच्या पहिल्या चहाबरोबर ठरतं. दिल्लीवाले ते फक्त उशिरा आणि चुकीचं जाहीर करतात. पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मामांनी देशाचं इंधन स्वतःच्या खांद्यावर घेतलंय. तेलाचा भाव वर गेला की त्यांचा रक्तदाब वर जातो. आखातात एखादं जहाज अडलं की त्यांना घास गोड लागत नाही. एकदा मी सहज विचारलं, "मामा, तब्येत कशी आहे?" तर म्हणाले, "माझं सोडा, जावईबापू. देशाकडे गॅसचा साठा किती आहे ते बोला!" मला आमच्या घरातल्या साखरेचा साठा माहीत नसतो. मी मान खाली घातली.

सोसायटीत पाइपचा गॅस यायचं ठरलं तेव्हा सगळी बिल्डिंग खुशीत होती. मामा सभेत उभे राहिले. "पाइप म्हणजे परावलंबन! उद्या त्यांनी वॉल्व बंद केला म्हणजे? सिलिंडर कसा, आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर असतो." त्या सिलिंडरमधला गॅससुद्धा परदेशातून बोटीनेच येतो, असं कुणीतरी म्हणालं. मामांनी "मुद्दा भरकटवू नका" म्हणून त्याला खाली बसवलं. याहून मोठ्या सभांमधल्या चर्चाही याच वाक्यावर संपतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पाइप घराघरांत शिरला आणि मामांचं घर तेवढं वगळून वर गेला. मामीला कुणी विचारलंच नव्हतं. धोरण ठरवणारे वेगळे आणि त्या धोरणावर भाकऱ्या भाजणारे वेगळे, ही पद्धत काही मामांनी सुरू केलेली नाही.

मग खरंच आखातात लढाई पेटली, बोटी अडकल्या आणि सिलिंडर वेळेवर मिळेनासे झाले. लोकांचे चेहरे पडले, मामांचे डोळे चमकले. त्यांनी घरात आणीबाणी लावली. चहा दिवसातून एकदाच. अन्न पुन्हा गरम करायचं नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली की हॉलमधून आवाज यायचा, "पुरे!" शिवाय गच्चीवर सौर चूल आली. काळा डबा, वर काच, आणि शेजारी कावळे हाकलायला मामी.

"अहो, ह्या उन्हात डाळ शिजत नाय, मीच शिजतंय!"

"देशासाठी थोडी कळ काढ गो."

"देश जेवाक येतलो काय आमच्याकडे?"

 पण थोड्याच दिवसांत मामीची कुरकुर आपोआप थांबली. जेवण वेळेवर येऊ लागलं, तेही वाफाळतं. भाकरी टम्म फुगलेली, कढीला तवंग, आणि सिलिंडर मात्र संपायचं नाव घेईना. मामा रोज सकाळी तो जरासा उचलून बघायचे आणि "अजून जड!" म्हणून डुलायचे. संध्याकाळी आवारात त्यांचं व्याख्यान सुरू झालं. "शिस्त लागते, शिस्त! आमच्या स्वयंपाकघरात येऊन शिका."

एका रविवारी दुपारी मी तिकडे गेलो होतो. गेटपाशी व्याख्यान उरकून आम्ही दोघं जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात; मूळच्या लातूरकडच्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या दारातून फोडणीचा घमघमाट येत होता. मामा थबकले. "वास आला? सकाळपासून शेगडी चालू! पाइप आला म्हणून काय उधळायचं? आज सांगतोच." त्यांनी बेल दाबली. बाईंनी दार उघडलं आणि आम्हाला बघून गडबडल्याच. मामांनी सुरुवात केली, "बाई, राग मानू नका, पण राष्ट्र संकटात असताना..."

वाक्य तिथेच अडलं. समोर स्वयंपाकघरात, आमच्याकडे पाठ करून, मामी बांगड्याची कढी ढवळत होती. दुसऱ्या शेगडीवर भात रटरटत होता आणि ओट्यावर सौर चुलीतली काळी भांडी भरून न्यायला मांडली होती.

मामी वळलीसुद्धा नाही. "हळू बोला. नारळाचो रस घातलंय, फुटतलो."

 बाईंनीच मामांना सांभाळून घेतलं. "भाऊ, गॅस माझा, मासे वहिनींचे. हे गेल्यापासून माझ्या एकटीसाठी रांधायचा कंटाळा यायचा. आता दुपार बरी जाते. बसा, वाढते." मामा बसले. इंधनाचा विषय न काढता जेवताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "कढी... आणखी थोडी आहे का?"

पुढे मामांनी स्वतःच पाइपसाठी अर्ज केला. "परिस्थितीनुसार धोरण बदलतं," एवढंच सभेत सांगितलं; चुकलो असं म्हणाले नाहीत, आणि धोरणवाल्यांकडून तशी अपेक्षा कुणी ठेवलीही नव्हती. जोडणी झाली त्या दिवशी मी तिथेच होतो. मामीने बटण फिरवलं. निळी ज्योत उमटली. मामी नुसतीच त्या ज्योतीकडे बघत राहिली.

"चला," ती म्हणाली, "आता खाली जाऊक काय कारण उरला नाय."

मामा पेपर वाचत होते. डोळे वर न करता म्हणाले, "मग बाईंकाच वर बोलव. दोन घरांत दोन शेगड्या कित्याक पेटवूच्या? इंधन फुकट जाता."

 मामीने डब्याचं झाकण काढलं आणि बाईंसकट चौघांचे तांदूळ घेतले.